जवळ कुणी हाय का

दिवाळी होऊन आठवडा-दहा दिवस झाले की विश्रामबागच्या रस्त्यावर एका सकाळी गाड्या तुंबतात, आणि खिडकीतून न बघताही मला कळतं की मेंढरं आली. हॉर्न वाजायला लागतात. स्कूलबसचा ड्रायव्हर डोकं बाहेर काढून कुणाच्या तरी नावानं बोटं मोडतो. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा आणि धुरळ्याचा मिळून एक वास येतो. तो वास आला की मी खिडकी लावून घेते, आणि लावल्यावर काचेजवळच उभी राहते. ही माझी दरवर्षीची रीत आहे.

यंदा खिडकी नव्हती. सोमवारी मी स्कूटीवर होते, डोक्यावर हेल्मेट, तोंडाला स्कार्फ, आणि पावणेआठला बारावीच्या वर्गावर जीवशास्त्राचा तास. कोपऱ्यावर वळले आणि समोरून कळप आला. पाय टेकून थांबले. दीडदोनशे मेंढरं स्कूटीच्या दोन्ही बाजूंनी निघाली. पोटऱ्यांना लोकर घासत होती. मागं दोन घोडी, त्यांच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड, भांडी, जाळ्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि गाठोड्यातून मुंडकी काढून शहर बघणारी दोन कोकरं. घोडीची दोरी धरून एक बाई चालली होती. माझ्याच वयाची असेल. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, जरा दम धरा. आत्ता जात्यात."

मी मान हलवली. खरं तर मला तिला विचारायचं होतं, "कुठं बसणार?" आमच्यात रस्त्यात कळप भेटला की हेच विचारतात. कसं काय, बरं हाय का, वगैरे नंतर. आधी कुठं बसणार. प्रश्न अगदी जिभेवर आला होता आणि मी तो गिळला. गिळायची सवय आहे मला. पंचवीस वर्षांची जुनी सवय.

बसणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आटपाडीकडच्या आमच्या माळावर दिवाळीनंतर गवताची काडी उरत नाही, आणि पाणी त्याच्याही आधी आटतं. मग आमची माणसं मेंढरं घेऊन खाली उतरतात. खाली म्हणजे कृष्णाकाठाला, उसाच्या मुलखात. तिथले शेतकरी मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं बसवून घेतात. जाळ्यांचं कुंपण करायचं, त्याला आम्ही वाघर म्हणतो, आणि सांजच्याला सगळा कळप आत घ्यायचा. सकाळपर्यंत लेंड्यांनी आणि मुतानं रान तयार. त्या बदल्यात जोंधळे मिळतात, चहापाणी मिळतं, मान मिळतो का ते मालकावर असतं. चार दिवस ह्या रानात, आठ दिवस त्या रानात. मिरगाचा पाऊस पडला की पुन्हा वर. त्यामुळं ज्याचं माणूस खाली उतरलंय त्याच्या घरात रोज एकच चौकशी असते, आज कुठं बसलेत. मेंढपाळाच्या पोरीला आपल्या बापाचा पत्ता विचारावाच लागतो. तो रोज बदलत असतो.

मी तो विचारायचा सोडला, आणि त्याची शिक्षा मला फार लवकर मिळाली.

लहानपणी मी गावात चुलतीकडं राहून शाळा शिकले, पण सुट्टी लागली की एसटीनं खाली, आईआप्पांकडं. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे हाक. मेंढरांना बोलवायची हाक प्रत्येक घराची निराळी असते. आमची अशी होती, की जीभ टाळूला लावून आधी "हुर्रऽऽ", आणि तिथंच न थांबता वर चढत जाणारं "यॉऽऽ". माळावर ती पार ओढ्यापलीकडं जायची. दहा कळप एकत्र पाणी पीत असले तरी ह्या हाकेला फक्त आमची मेंढरं माना वर करायची. आणि मी. मी कुठं बोरं खात हिंडत असले तरी आप्पा मला नावानं बोलवत नसत, तीच हाक मारायचे. मग मी माझ्या बारीक गळ्यानं तीच परत द्यायची. "आता कसं," म्हणायचे, "सुमी हाय म्हणायची."

दुसरी गोष्ट हातांची. मी नऊ वर्षांची असताना एक मेंढी अडली. कोकराचा एक पाय मागं राहिला होता आणि आप्पांचा हात मोठा पडत होता. ते म्हणाले, "सुमे, तुजा हात बारीक हाय. घाल आत. भिऊ नगं, ती काय करणार न्हाई." मी घातला. आत ऊब होती आणि अंधार होता. बोटांना एक इवलंसं खूर लागलं, ते मी धरलं आणि हळूहळू वळवलं. कोकरू बाहेर आलं तेव्हा मी रडत होते आणि आप्पा हसत होते. त्या दिवशी मला जेवढं भारी वाटलं तेवढं पुढं कुठल्याच निकालाच्या दिवशी वाटलेलं नाही.

तर अशी पोरगी बारावीला बरे मार्क पाडून बी.एस्सी.ला सांगलीत आली. विश्रामबागेतलं मुलींचं हॉस्टेल, एका खोलीत चौघी. आईनं वर्षभर सूत कातून, विणकऱ्याकडून विणवून घेतलेलं काळं घोंगडं बरोबर दिलं होतं. पहिल्याच शनिवारी पाऊस आला, हवा कोंदली, आणि खोलीतली एक जण नाक वर करून म्हणाली, "कसला गं वास येतोय? भिजलेल्या कुत्र्यासारखा." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळ्या जणी वास घ्यायला लागल्या. आणि मीही नाक वर केलं, इकडं तिकडं बघितलं, आणि म्हणाले, "हो की गं, कसला येतोय?"

इतकं सोपं असतं ते. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी हिणवलंही नव्हतं. दुपारी खोलीत कुणी नसताना मी घोंगडं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, गाठ मारली आणि पेटीच्या तळाला ढकललं. थंडी पडली तेव्हा माझी शेजारीण वैशाली, कृष्णाकाठच्या एका गावची, उसाच्या घरातली, तिनं आपणहून तिची जादा रजई मला दिली. "तुझ्याकडं काही नाही का गं पांघरायला?" मी म्हणाले, नाही. माझी आई सूत कातत असताना माझ्या चुलतीचं पोर तिच्या मांडीवर झोपायचं आणि त्याच्या अंगाला लोकर चिकटायची, ते सगळं मला दिसत होतं. तरी मी नाही म्हणाले.

मग एकाला एक जोडत गेलं. वडील काय करतात? शेती. खोटं नव्हतं, चार एकर माळ आहे आमचा, कुसळं उत्तम येतात. बोलताना मी प्रत्येक वाक्य आधी मनात धुऊन घ्यायची. हसणं तोंडावर हात ठेवून. आवाज तर मी निम्म्यावर आणला. माळावर वाढलेल्या माणसाचा आवाज मोठाच असतो, खोलीतल्या मुली दचकायच्या. सहा महिन्यांत वैशाली सगळ्यांना सांगायला लागली, "आमची सुमन किती शांत आहे." मला ते ऐकून बरं वाटलं. पण शांत कोण होतं? मी तर चोवीस तास ओरडणं दाबून धरत होते.

दुसऱ्या वर्षीच्या संक्रांतीला वैशाली मला तिच्या घरी घेऊन गेली. त्या हंगामात आप्पा कुठं बसलेत हे मी विचारलेलं नव्हतं. आईचा निरोप आला की "बरं हाय" एवढा परत पाठवायचा, बास. कारण विचारलं असतं तर जावं लागलं असतं, आणि गेले असते तर हॉस्टेलवर परत येताना कपड्यांना वास आला असता.

वैशालीचं घर भरलेलं होतं. भिंतीवर तिच्या भावाचा लष्करी पोशाखातला फोटो, सोप्यात गुळाच्या ढेपा, आणि तिचे वडील, ज्यांना सगळे दादा म्हणायचे, ते मोकळ्या मनाचे गृहस्थ. दुपारी म्हणाले, चला पोरींनो, रानात ऊस खायला. ट्रॅक्टरच्या मागं बसून गेलो. वळणावर मला वाघर दिसली. म्हटलं, कळप काय थोडे आहेत? मग मेंढरांचे कान दिसले. डाव्या कानाला टोकाशी दोन चिरा. ती आमच्या घराची खूण आहे.

आधी आलं ते कुत्रं. खंड्या नाव त्याचं. मी सातवीत असताना बोंडल्यानं दूध पाजून वाढवलेलं. अर्ध्या रानातून तो भुंकत नव्हे, रडत पळत आला आणि दोन्ही पाय उचलून माझ्या छातीवर झेपावला. वैशाली किंचाळली. आणि मी मागं सरकले. दोन्ही हात वर धरून, अनोळखी कुत्र्याला बघून सरकावं तशी.

आप्पा खोपटाजवळ उभे होते. त्यांनी ते मागं सरकणं बघितलं. बास, तेवढंच त्यांना पुरलं. पळत आले आणि हातातली काठी त्यांनी खंड्याच्या पायावर घातली. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुत्र्यावर हात उचलला नव्हता त्यानं. खंड्या केकाटला आणि माझ्याकडं बघत बघत लांब गेला. आप्पा म्हणाले, "भिऊ नगा ताईसाब. कुत्रं येडं हाय."

आई दळण घेऊन गावात गिरणीवर गेली होती हे एक बरं झालं. तिला हे जमलं नसतं.

इथवरही निभावलं असतं. पण दादा मोकळ्या मनाचे. म्हणाले, "पाव्हणं, ही आमच्या वैशूची मैत्रीण. सांगलीला एकाच खोलीत असत्यात." मग माझ्याकडं वळून, "ह्यांची पोरगी बी सांगलीत शिकती गं. सायन्सला हाय. आल्यापास्नं चार येळा सांगून झालं त्यांचं. तुमच्याच कॉलेजात हाय म्हणं. वळखती का तू?"

ऊन होतं. कुठंतरी गुऱ्हाळाची चिमणी धूर सोडत होती. मी म्हणाले, "नाही. कॉलेज खूप मोठं आहे."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. कुठं लागलं असेल ते शोधताना मेंढीकडं बघतात, तसं. मग दादांकडं वळून हसले आणि म्हणाले, "दुसऱ्या कॉलेजात आसंल, दादा. मला अडाण्याला काय कळतंय. कुठंतरी शिकती, यवढं म्हाईत."

चार वेळा ज्याचा अभिमान सांगितला होता तो त्यांनी माझ्यासाठी एका वाक्यात परत घेतला. आम्ही निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाले, "थंडी लय पडलीया. अंगावर कायतरी घेत जावा." वैशालीला वाटलं आम्हा दोघींना म्हणाले. गोड आहेत गं बाबा, असं ती म्हणाली, आणि मी सोललेल्या उसाचं कांडं चावत राहिले. गोडच होतं ते, आणि मी ते पूर्ण संपवलं.

त्या दुपारचं लोकांना सांगायचं झालं तर वाटेल, वडिलांना ओळख दिली नाही, केवढं पाप. ते आहेच. पण पंचवीस वर्षं मला जे कुरतडत राहिलं ते थोडं निराळं आहे. मी ओळख दिली नाही ती स्वतःला. त्या रानात खंड्यानं मला ओळखलं, आप्पांनी ओळखलं, मेंढरांनी माना वर केल्या. सगळ्या रानात मला न ओळखणारी एकटी मीच होते. आणि एकदा असं केलं की मग आपल्याबद्दल आपल्यालाच खात्री देता येत नाही. लोक चांगलं म्हणतात, ते कुणाला म्हणतात? कॉलेजात मला आदर्श शिक्षिका म्हणून शाल-नारळ मिळाला. टाळ्या वाजल्या. मला एवढंच वाटत होतं की हे पार्सल शेजारणीचं आहे, चुकून माझ्याकडं दिलंय, आता ती येऊन मागेल. कुणी कौतुक केलं की मी पटकन विषय बदलते. लोक त्याला विनय म्हणतात. विनय कसला डोंबलाचा, भीती आहे ती.

वर्गात पुनरुत्पादनाचं प्रकरण असतं. दरवर्षी शिकवते. आकृती काढते, खडूनं नावं देते. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही जनावराचं बाळंतपण कधी बघितलंय का?" चाळीस चेहरे माझ्याकडं. माझ्या बोटांना ते इवलंसं खूर जाणवलं, शपथेवर सांगते. त्या मुलांना मी असं काही सांगू शकले असते की ती जन्मभर विसरली नसती. मी म्हणाले, "नाही, पण पुस्तकात आकृती चांगली दिलीये." स्वतःला दाबलं की नुसता जीव घुसमटतो असं नाही. आपण आपल्या कामातही निम्मेच उरतो. बरे शिक्षक आहोत, चांगले होऊ शकलो असतो.

आणि आप्पा? त्या संक्रांतीनंतर त्यांचा हॉस्टेलवर फोन आला, कुठल्याशा गावच्या बूथवरून. फोन रेक्टर बाईंच्या खोलीत होता. मी हॅलो म्हटलं. पलीकडून दबक्या आवाजात, "जवळ कुणी हाय का?" मी म्हणाले, हो, आहेत. "बरं. मग ऱ्हाऊ दे. बरी हायस न्हवं?" आणि ठेवला. खरं सांगायचं तर मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

पुढं मोबाइल आले. माझं लग्न झालं, नवरा आमच्यातलाच पण दोन पिढ्या नोकरीतल्या घरचा, विश्रामबागेत फ्लॅट झाला, मुलगा झाला. आप्पांचा फोन येतच राहिला आणि प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य तेच राहिलं. जवळ कुणी हाय का. असेल तर दोन शब्द, नसेल तर मग मेंढरं, पाऊस, गुडघे, सगळं. घरी आले तरी पाहुणे बसलेले दिसले की खाली पार्किंगमध्येच थांबायचे. ते जातील तेव्हा वर यायचे. ह्यांनी एकदोनदा विचारलं, "आप्पा असं का करतात?" मी म्हणाले, त्यांना लिफ्टची भीती वाटते.

वैशालीही इथंच आली, दोन गल्ल्या सोडून. माझी एकुलती एक जवळची मैत्रीण. माझ्या बाळंतपणात तिनं डबे आणलेत, तिच्या घटस्फोटाच्या वेळी ती माझ्या सोफ्यावर महिनाभर झोपलीय. तिला माझं सगळं माहीत आहे, हे एक सोडून. आई गेली तेव्हा ती म्हणाली, मी येते तुझ्या गावी. मी म्हणाले, लांब आहे, रस्ता वाईट आहे, कशाला. माझ्या लग्नाला माझी मैत्रीण नव्हती, आईच्या दहाव्यालाही नव्हती, कारण ती आली असती तर तिला आप्पा दिसले असते. माणूस स्वतःला दडवतो तेव्हा कुणाकुणाला बाहेर ठेवावं लागतं ह्याचा त्याला आधी अंदाज नसतो.

त्या रानाबद्दल मी आप्पांशी एकदाच बोलले. म्हणजे बोलले असंही नाही. आईच्या तेराव्यानंतर दोघंच ओट्यावर बसलो होतो. मी विचारलं, "खंड्याला लय लागलं हुतं का तवा?" आप्पा समोरच्या माळाकडं बघत होते. मग म्हणाले, "दोन दिस लंगडत हुता." कुठला खंड्या, कवा, असं काही त्यांनी विचारलं नाही.

दोन वर्षांमागं त्यांनी मेंढरं विकली. आता माझ्या भावाकडं गावात असतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ह्या गुरुवारी एका डोळ्याचं ऑपरेशन होतं, इथल्याच एका दवाखान्यात. म्हणजे रस्त्यात मेंढरं भेटली त्यानंतर तीन दिवसांनी. आदल्या दिवशी वैशालीचा फोन आला, उद्या कुठंस? मी म्हणाले, गावाकडचे एक ओळखीचे आहेत, त्यांना इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवायचंय. म्हणजे पंचेचाळिशीला आले तरी जीभ तशीच वळते.

गुरुवारी सकाळी काउंटरवरच्या सिस्टरनं फॉर्म पुढं ओढला. "पेशंटच्या तुम्ही कोण?" मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "आमच्या गावाकडच्या हायती त्या. मास्तरीण हायती. लय चांगल्या."

ते कौतुकानं म्हणाले. कुठला टोमणा नाही, कुढणं नाही. ते सरळ माझी मदत करत होते, पंचवीस वर्षं करत आले तशी. सिस्टरनं 'परिचित' असं लिहिलं आणि फॉर्म सहीला माझ्यापुढं केला. मी सही केली. हे मी लपवत नाही. मागं रांग होती, आणि मला काही सुचलं नाही.

आप्पांना आत नेलं. मी बाकावर बसले. समोर पन्नासेक माणसं होती, त्यांत माझ्या दोन विद्यार्थ्यांचे पालक, एक आमच्या कॉलेजातले क्लार्क. त्यांनी नमस्कार केला, मी केला. माझ्या नावापुढचं ते 'परिचित' मला दिसत राहिलं. ह्या माणसाला मी इतकं चांगलं शिकवलं होतं की आता मी न सांगताही तो स्वतःला पुसत होता. मी माझं जे केलं ते केलं, पण त्यांचं? ज्यांची हाक ओढ्यापलीकडं जायची त्यांना मी पार्किंगमध्ये उभं राहायला शिकवलं.

तेवढ्यात वैशाली आली. हातात चहाचा थर्मास. "म्हटलं एकटीच बसली असशील," म्हणाली आणि शेजारी टेकली.

आतलं दार उघडलं. सिस्टरनं आप्पांना दंडाला धरून बाहेर आणलं आणि दाराशी उभं केलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर मोतीबिंदूचा पडदा, म्हणजे दिसत काहीच नव्हतं. सिस्टर मोठ्यानं म्हणाली, "ह्यांच्यासोबत कोण आहे?"

मी उठणार तर आप्पांचं बोलणं ऐकू आलं. त्यांना वाटलं हळू बोलतायत, पण माळावरचा आवाज, सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "आवं सिस्टर, वरडू नगा. मॅडमजवळ लोकं आसतील. मी हितंच बसतो." आणि हातानं भिंत चाचपत ते खाली टेकायला लागले. फरशीवर.

मग मी काय केलं ते ठरवून केलं नाही. बाकावरनं उठले, जीभ टाळूला लागली, आणि घशातनं ते बाहेर आलं. हुर्रऽऽ, आणि मग वर चढत, यॉऽऽ.

क्लार्कच्या हातातला पेपर तसाच राहिला. आप्पांनी मान वर केली. एकदम, कुणी नाव घेतल्यावर करतात त्याहून कितीतरी चटकन. भिंत सोडून दिली आणि हात पुढं न धरता, न चाचपता, बाकांच्या मधून सरळ आवाजाच्या दिशेनं चालत आले.

वैशाली थर्मास धरून उभी होती. तिनं ती हाक त्या हंगामापासून पुढं कैक हिवाळे ऐकली होती, तिच्याच रानात. आधी आप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सुमन, हे आमच्या रानात बसायचे ते..."

"माझे वडील," मी म्हणाले.

तिनं थर्मास बाकावर ठेवला. म्हणाली, "म्हणजे त्या संक्रांतीला..." आणि पुढचं वाक्य तिनं सोडून दिलं. तिचा चेहरा बघवत नव्हता. त्याचं जे व्हायचं ते होईल, आमचं ते बोलणं अजून व्हायचं आहे आणि ते सोपं असणार नाही. पण तेव्हा आप्पा माझ्यापर्यंत पोचले होते. त्यांनी माझा खांदा शोधला, त्यावर हात ठेवला, आणि मान खाली घालून अगदी दबक्या आवाजात विचारलं,

"जवळ कुणी हाय का?"

"हायती आप्पा," मी म्हणाले. "लय लोकं हायती. वैशाली हाय, दादांची. समदी बघायला लागल्यात."

त्यांचा हात खांद्यावर तसाच राहिला. मग म्हणाले,

"हाक लय बारीक झाली गं तुजी."